अखर्चित निधी आणि निवडणुकीतला तक्ता

प्रश्न : निवडणुकीच्या तोंडावर ‘जिल्हा परिषदेचे पैसे गायब’ असा संदेश अखर्चित रकमेच्या तक्त्यासह फिरतो आहे. तो खरा मानावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अखर्चित रक्कम खात्यावर शिल्लक असते आणि मुदतीत न वापरल्यास सहसा शासनाला परत करावी लागते. हे अपयश गंभीरच आहे, त्याचा जाब उमेदवारांना जरूर विचारावा. मात्र रक्कम अखर्चित राहणे हा अपहाराचा पुरावा ठरत नाही. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अनुदानाचा ६० टक्के वाटा पाणी व स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांवर खर्च करण्याजोगा, असल्याने ‘तो पैसा रस्त्याला का दिला नाही’ हा सवालही दिशाभूल करणारा आहे. तक्त्यावर आर्थिक वर्ष आणि लेखाशीर्ष (रक्कम हिशेबात कोणत्या बाबीखाली नोंदली आहे ते) नसेल, तर तो पुढे पाठवू नये; माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये लेखापरीक्षण अहवालाची प्रत मागावी.