सोलापुरी चादरींच्या माझ्या अफिलिएट लिंकवर (जिच्यावरून खरेदी झाली की मला कमिशन मिळतं) क्लिक भरपूर, कमिशन जवळपास शून्य. अ‍ॅडवेअर (ब्राउझरमध्ये घुसलेलं जाहिरातींचं सॉफ्टवेअर) ते पळवतं का?

हो, पळवू शकतं. बहुतेक अफिलिएट प्रोग्रॅम कमिशन शेवटच्या क्लिकला देतात. गिऱ्हाईक तुमच्या लिंकवरून येतं, पण त्याच्या ब्राउझरमधलं अ‍ॅडवेअर (अनेकदा फुकट कूपन शोधून देणारं एक्स्टेन्शन) पैसे भरायच्या तोंडावर गुपचूप स्वतःची लिंक उघडतं आणि तुमच्या कुकीवर (गिऱ्हाईक कोणाच्या लिंकवरून आलं याची ब्राउझरमधली नोंद) त्याची कुकी बसते. इथल्या एका चादर-टॉवेलवाल्याची ऑनलाइन विक्री मी सांभाळतो. नोंदींत अफिलिएट क्लिक आणि ऑर्डर यांत जेमतेम काही सेकंद दिसले की मला तोच संशय येतो. तुमच्या हातात फार काही नाही, विक्रेत्याकडे क्लिकच्या वेळा मागा. मात्र आधी परत गेलेल्या ऑर्डरी आणि कुकीची मुदत बघा: अ‍ॅमेझॉनवर वस्तू कार्टमध्ये टाकली नाही तर ती २४ तासांत संपते.