चढाची तयारी झाली, उतरायचं काय?

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की कॅन्सर झालेल्या मुलांसाठी निधी जमवायला डोंगरात जे मोठे ट्रेक होतात त्यात कुणी नाव दिलं असेल, तर तयारीबद्दल काय विचारायचंय ते कळवा. एवढे प्रश्न आलेत की सगळे छापणं शक्यच नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम देत नाही, कारण बऱ्याच जणांनी घरातल्या आजारपणाबद्दल खूप मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. वय ४३, काम पूर्ण बैठं. मैत्रिणीच्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालाय, तिची ट्रीटमेंट जवळून बघितली आणि ऑफिसमधल्या आम्ही तिघींनी चॅरिटी ट्रेकला नाव देऊन टाकलं. एका दिवसात २२ किलोमीटर, एकूण चढ १४०० मीटर. हातात १६ आठवडे आहेत. रोज सकाळी सपाट रस्त्यावर पाऊण तास चालते, तेवढं पुरेल ना?

उत्तर : नाही पुरणार, पण १६ आठवडे म्हणजे चांगला वेळ आहे, आजपासून लागलात तर नक्की जमेल. आधी हिशोब करू. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला होता, तो आजही वापरतात. आजच्या मापात सांगायचं तर दर ५ किलोमीटरला १ तास आणि वर चढलेल्या दर ६०० मीटरला आणखी १ तास. तुमच्या ट्रेकचे झाले जवळजवळ पावणेसात तास, आणि हे न थांबता, चांगल्या वाटेवर, फिट माणसाचे. ग्रुप, पाठीवर सॅक, खाणं, फोटो, कुणाचा तरी पाय दुखणं हे सगळं धरलं की नऊ-दहा तास सहज जातात. म्हणजे तुम्हाला नऊ-दहा तास पायावर राहायची सवय करायचीय, आणि पाऊण तासाच्या वॉकने ती होत नाही.

आता चढ. बिल्डिंगचा एक मजला साधारण ३ मीटर धरला तर १४०० मीटर म्हणजे जवळजवळ ४६७ मजले. आकडा बघून घाबरू नका, पण एकदा नीट वाचा, कारण बहुतेक जण किलोमीटर बघून तयारी करतात आणि मीटरकडे लक्षच देत नाहीत. डोंगर जवळ नसेल तर जिना हाच तुमचा डोंगर. पहिले चार आठवडे आठवड्यातून तीन दिवस चालणं आणि एक दिवस जिना, स्पीड एवढाच की शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटायला लागले की हळू व्हायचं. पाचव्या आठवड्यापासून जिना दोन दिवस, आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब वॉक, दोन तासांपासून सुरू करून दर आठवड्याला अर्धा तास वाढवत न्यायचा. दर चौथ्या आठवड्याला मात्र सगळंच कमी करायचं, जवळपास निम्मं. हा आराम लोक गाळतात आणि मग दहाव्या-अकराव्या आठवड्यात नडगी धरून बसतात.

सॅक पहिल्या दिवसापासून पाठीवर घ्या, आधी रिकामी, मग पाण्याच्या दोन बाटल्या, मग हळूहळू ट्रेकच्या दिवशी असेल तेवढं वजन. शेवटचा मोठा सराव, सहा-सात तासांचा, ट्रेकच्या तीन आठवडे आधी उरकून घ्या आणि त्यानंतर वाढवू नका, उलट उतरवत आणा. शेवटच्या आठवड्यात ‘राहून गेलं’ म्हणून जोर काढण्यात काहीच फायदा नाही, तो व्यायाम अंगी लागेपर्यंत ट्रेक होऊन गेलेला असतो. आणि बीपी, शुगर, छातीत कधी दुखल्यासारखं झालं असं काही असेल तर सुरू करायच्या आधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : गेल्या वर्षी अशाच ट्रेकला गेलो होतो, चढताना सगळ्यात पुढे आणि उतरताना गुडघे एवढे थरथरायला लागले की शेवटचे दोन तास बसत बसत आलो. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. जिममध्ये रेग्युलर आहे तरी असं का? गुडघ्यांचा प्रॉब्लेम असेल का? (वय ३५)

उत्तर : सूज, लॉक होणं, एकाच जागी टोचणं असं नसेल तर बहुतेक प्रश्न मांडीच्या स्नायूंचा असतो. हा मुद्दा मला सगळ्यांनाच सांगायचाय, कारण ट्रेकमध्ये माणसं जास्त करून उतारावर कोलमडतात. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, प्रत्येक पावलाला. अशा कामात स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, म्हणून दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. धाप लागत नाही त्यामुळे आपल्याला वाटतं सोपं चाललंय. सायकल आणि क्रॉस ट्रेनरवर ब्रेकिंगचं हे काम जवळपास होतच नाही, त्यामुळे जिममध्ये तासन् तास घालवूनही उतारावर पाय नवखेच राहतात.

चांगली गोष्ट ही की स्नायू हे फार पटकन शिकतो. एकदा उताराचा बऱ्यापैकी सराव झाला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने कमी इजा होते, हे अभ्यासातून नीट सिद्ध झालंय. म्हणून जिना चढून लिफ्टने खाली येत असाल तर आधी ते बंद करा. घरी करायचा एक व्यायाम सांगते. खालच्या पायरीवर उभे रहा, एक पाय पायरीवर ठेवून दुसऱ्या पायाची टाच जमिनीला टेकेपर्यंत मनात तीन आकडे मोजत हळूहळू खाली जा, टाच फक्त टेकवायची, वजन टाकायचं नाही, आणि परत वर. गुडघा आत वळता कामा नये, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, आरशासमोर करा म्हणजे दिसेल. आठ-दहा वेळा एका पायाने, मग दुसऱ्या, असे दोन-तीन सेट, एक दिवसाआड. तिसऱ्या सेटला मांडी थरथरते, त्याच थरथरीची सवय हवीय आपल्याला.

ट्रेकिंग पोल दोन घ्या, एक नको. उतारावर गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो. सपाटीला कोपर काटकोनात येईल एवढी उंची, उतरताना पाच-दहा सेंटीमीटर वाढवायची. पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. सरळ ताठ पायाने धाडधाड उतरू नका, आणि पोल वापरायचा सरावही आधीच करा.

प्रश्न : नवीन शूज ट्रेकच्या किती दिवस आधी घ्यावे?

उत्तर : दोन महिने तरी आधी, आणि घ्यायला संध्याकाळी जा, ट्रेकचेच मोजे घालून, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतरताना बोटं आपटून नखं काळी पडतात. नखं चार-पाच दिवस आधी कापा. कॉटनचे मोजे नकोत, ओले राहतात आणि फोड येतात. वाटेत कुठे चुरचुरलं की ग्रुप थांबवायला लाजू नका, लगेच टेप लावा.

प्रश्न : आमच्या मुलाला तेराव्या वर्षी ल्युकेमिया झाला होता. ट्रीटमेंट संपून तीन वर्षं होतील, आता अठरा पूर्ण आहे आणि देवाच्या कृपेने छान आहे. त्याला स्वतःला हा ट्रेक करायचाय, ‘मी दुसऱ्या मुलांसाठी चालणार’ म्हणतो. नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची हिंमत होत नाही.

उत्तर : तुमचं पत्र आमच्याकडे सगळ्यांनी वाचलं. नाही म्हणू नका, पण ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे या एकाच विषयासाठी अपॉइंटमेंट घ्या, आणि ट्रीटमेंट समरी, म्हणजे कुठली औषधं एकूण किती दिली त्याचा कागद, बरोबर न्या. तीन गोष्टी स्पष्ट विचारा. पहिली हृदयाची. ल्युकेमियात डॉक्सोरुबिसिन, डाउनोरुबिसिन अशी औषधं बऱ्याचदा देतात, त्यांचा परिणाम हृदयाच्या स्नायूवर कधी कधी बऱ्याच वर्षांनी दिसतो आणि तोपर्यंत मुलाला काही जाणवत नाही. त्यामुळे अलीकडची टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आहे का, नसेल तर करायची का. दुसरी पायांच्या नसांची. व्हिनक्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधाने बोटांना बधिरपणा येतो, काहींना पाऊल पुढून उचलायला जड जातं. बहुतेकांचं सुधारतं, पण थोडं जरी उरलं असेल तर दगडावर ठेच लागते, आणि बधिर बोटाला फोड आलेला कळत नाही. त्याला टाचांवर चालून दाखवायला सांगा, अंदाज येईल. तिसरी हाडांची. स्टिरॉइड्समुळे काही मुलांच्या, विशेषतः दहा वर्षांच्या पुढे ट्रीटमेंट झालेल्यांच्या, खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडतो. जांघेत किंवा गुडघ्यात दुखतं असं तो कधी म्हणाला असेल तर ते ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडू नका, तपासल्याशिवाय वजन घेऊन चढ करायचा नाही.

हे सगळं ठीक निघालं तर त्याला चालू द्या. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांना व्यायामाची गरज इतरांपेक्षा जास्तच असते आणि डॉक्टरही ते सांगतात. फक्त १६ ऐवजी २४ आठवडे घ्या, आणि एखाद्या छोट्या रूटचा पर्याय असेल तर या वर्षी तो निवडायला काहीच हरकत नाही. त्याच्या बरोबर चालणाऱ्या एका माणसाला त्याची पूर्ण हिस्ट्री माहीत असू द्या. आणि त्याला माझ्याकडून सांगा, तुझ्यासारखा मुलगा वाटेवर दिसला की ज्यांचं मूल आज वॉर्डात आहे त्या आईबापांना काय वाटेल ते मी लिहून सांगू शकत नाही.

प्रश्न : नातेवाईक म्हणतात, कशाला डोंगर चढायचा, पैसे द्यायचे तर सरळ द्या ना. काय उत्तर द्यावं?

उत्तर : सरळ देणार असतील तर आनंदाने घ्या, त्याच दिवशी! पण मला विचाराल तर चालणाऱ्या माणसामुळे विषय निघतो, चार महिने ट्रेनिंग करताना पन्नास जण विचारतात की कशासाठी, आणि तेव्हा सांगण्यासारखं खूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दर वर्षी ० ते १९ वयातल्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, आणि कित्येक गरीब देशांत ३० टक्क्यांपेक्षा कमी. आजार तोच, बहुतेक औषधंही जुनी आणि माहितीतली. फरक पडतो तो निदान उशिरा होण्याने, औषध न मिळण्याने आणि ट्रीटमेंट अर्धवट सुटण्याने. मुलांच्या ल्युकेमियातला सगळ्यात कॉमन प्रकार घेतला तर ट्रीटमेंट दोन ते तीन वर्षं चालते. एवढा काळ गावाहून शहरात यायचं, राहायचं कुठे, घरच्या दुसऱ्या मुलाला कोण बघणार, बापाची रोजची मजुरी बुडते, आणि मूल जरा हसायला-खेळायला लागलं की घरचे म्हणतात बरं झालं आता, परत जाऊ. तिथे तुमचे पैसे लागतात, राहायच्या खोलीला, प्रवासाला, जेवणाला, रक्ताच्या तपासण्यांना.

१९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांमध्ये औषधाने तात्पुरता का होईना आजार मागे हटतो हे पहिल्यांदा दाखवलं, त्याआधी काही उपायच नव्हता. आता २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत जगातली निदान ६० टक्के मुलं जगली पाहिजेत असं उद्दिष्ट ठेवलंय. हे नातेवाइकांना सांगा.

दोन गोष्टी मात्र पाळा. ट्रेकचा तुमचा स्वतःचा खर्च, फी, शूज, प्रवास, हा तुमच्या खिशातून, आणि जमवलेला निधी पूर्ण मुलांकडे, हे देणाऱ्यांना आधीच लिहून सांगा. संस्थेला पैसे नक्की कशाला जातात ते विचारा, चांगली संस्था हिशोब दाखवायला कंटाळत नाही. आणि ओळखीतल्या मुलाचा केस गेलेला फोटो स्टेटसला टाकू नका, आईबाप हो म्हणाले तरी मूल थोडं मोठं असेल तर त्याला स्वतःला विचारा.

प्रश्न : आमचा ट्रेक ३८०० मीटरपर्यंत जातो. मी मॅरेथॉन पळतो, त्यामुळे उंचीचा त्रास होणार नाही ना?

उत्तर : होऊ शकतो. फिटनेसचा आणि उंचीच्या त्रासाचा संबंध नाही. साधारण २५०० मीटरच्या वर कुणालाही डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं, आणि फिट माणसं भरभर चढतात म्हणून उलट जास्त अडकतात. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको. डोकं दुखत असताना पुढे चढायचं नाही. चालताना तोल जाणं, बरळणं किंवा बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर सकाळची वाट न बघता त्या माणसाला खाली आणायचं.

प्रश्न : सव्वाशे लोकांनी माझ्या नावावर पैसे दिलेत. पूर्ण नाही झाला तर त्यांना तोंड कसं दाखवू? या टेन्शनने झोप लागत नाही. (वय २४)

उत्तर : अगं, ते पैसे तुझ्या नावावर आलेत पण दिलेत मुलांसाठी. तू शिखरावर पोचलीस काय किंवा अर्ध्यातून परत आलीस काय, कुणाच्या औषधातला एक रुपया कमी होत नाही. हे आजच सगळ्यांना एका मेसेजमध्ये लिहून टाक की हवामान किंवा तब्येत बघून मी परत फिरू शकते, निधी मात्र जाणारच. एकही जण पैसे परत मागणार नाही बघ, आणि तुझं ओझं उतरेल. तोंड दाखवायच्या भीतीने माणसं दुखऱ्या पायाने पुढे रेटतात आणि मग त्यांना खाली आणायला दहा जण लागतात, ते नको. आपल्या ग्रुपची परत फिरायची वेळ लीडरला आधीच विचारून ठेव, समज दुपारी एक ठरली तर एक म्हणजे एक, शिखर समोर दिसत असलं तरी. नेस्मिथच्या हिशोबात उताराला वेगळा वेळ धरलेला नाही, म्हणून खडबडीत वाटेला उतरायला चढण्याइतकाच वेळ लागेल असं धरून अंधाराच्या आधीचे दोन तास शिल्लक ठेव, आणि हेडलॅम्प तरी सॅकमध्ये असू दे, नवीन सेल घालून.