निबंध कसा घडला, ते कसे लिहावे?

प्रश्न : एम. ए. इतिहासाच्या अभ्यासक्रमासाठी मी ‘दीनबंधु’ या सत्यशोधक विचारांच्या वृत्तपत्रावर निबंध लिहिला. आता बाईंनी तो कसा लिहिला यावर दोन पानांचे टिपण मागितले आहे. माझा मूळ विषय सत्यशोधक समाज हा होता आणि तो मध्येच बदलला. हे लिहिल्यास गुण कमी होतील का?

उत्तर : विषय बदलला, हाच आपल्या टिपणाचा गाभा आहे, तो लपवू नये. १८७३ साली स्थापन झालेल्या समाजाचा संपूर्ण इतिहास वीस पानांत मावणार नाही, हे आपल्याला नेमके कधी आणि कोणता मजकूर वाचताना उमगले, ते सविस्तर लिहावे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालविले. या स्थलांतरामुळे आपला प्रश्न ‘समाजाने काय केले’ येथून ‘गिरणगावातील वाचकासाठी पत्र कसे बदलले’ येथे सरकला असेल, तर तो क्षण मला निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो. कच्चे खर्डे जपले असतील, तर पहिल्या आणि अंतिम खर्ड्यातील एकच परिच्छेद शेजारी ठेवून काय गाळले व का, ते सांगावे. ‘खूप शिकायला मिळाले’ अशी वाक्ये मात्र कृपया टाळावीत. ग्रंथालयातील फेऱ्यांची जंत्री एका ओळीत आटोपावी. जो पुरावा शोधूनही हाती लागला नाही, त्याचीही नोंद अवश्य करावी.