गृहकर्ज लवकर फेडताय, मग झोप का लागत नाही?

"मॅडम, घराचं कर्ज एकदा फिटू दे, मग मी माणसात येतो."

शब्द थोडे इकडचे तिकडे, पण समुपदेशक म्हणून हे वाक्य माझ्याकडे सतत येतं. बोलणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले, पगारदार, हप्ता कधीही न चुकवणारे. 2022 नंतर त्यांची संख्या फारच वाढली आणि त्याला कारणही आहे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहावर नेला. त्यामागोमाग गृहकर्जाचे दर वाढले. बऱ्याच जणांचा हप्ता तेवढाच राहिला, मुदत मात्र गुपचूप वाढत गेली. पत्ता लागला तो विवरणपत्र उघडल्यावर.

त्यातलंच एक जोडपं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. ते कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर, बाई खासगी शाळेत शिक्षिका. पाचगावच्या बाजूला फ्लॅट, 2021 च्या सुरुवातीला घेतलेला. कर्ज 30 लाख, 7 टक्के, 20 वर्षं, हप्ता 23 हजार 259. दोन वर्षांनी दर 9 टक्के झाला तेव्हा बाकी होती 28 लाख 70 हजार आणि उरलेली मुदत 29 वर्षं.

"वीस वर्षांचं कर्ज घेतलं, दोन वर्षं भरलं आणि राहिली एकोणतीस! ही कसली गंमत ओ?"

त्या बाकीवर महिन्याचं व्याजच साडेएकवीस हजार होतं. मुद्दलात जेमतेम सतराशे रुपये जात होते. तेव्हा त्यांचं वय छत्तीस. कर्ज पासष्टाव्या वर्षी फिटणार आणि कंपनी अठ्ठावन्नला घरी बसवणार. इथवर घाबरणं मला रास्तच वाटतं. अशा वेळी जो घाबरत नाही, त्याला मी हिशेब लिहायला बसवते.

पण पुढं जे झालं ते हिशेबाच्या पलीकडचं होतं. बोनस कर्जात, भिशी लागली ती कर्जात, बाईंच्या पाटल्या मोडून तेही कर्जात. आरोग्य विम्याचा हप्ता भरायचा राहू दिला. पीएफ काढायचा अर्ज भरून तयार. रात्री दोनला चादरीखाली मोबाईलचा उजेड कमी करून बँकेचं ॲप बघायचं, बाकी तीच आहे ना म्हणून. बाई पहिल्या दिवशी फारसं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरीनं पन्हाळ्याच्या सहलीचा फॉर्म दप्तरात लपवला होता. विचारलं तर म्हणते, बाबांचा हप्ता असतोय न्हवं." मुलगी चौथीत.

सल्ला देणाऱ्यांची त्यांना वाण नव्हती. मेहुणा म्हणे, कर्ज राहू दे, पैसे म्युच्युअल फंडात टाक. काका म्हणे, कर्ज असलेल्या घरात बरकत येत नाही. दोघंही पैशाच्या प्रश्नाचं उत्तर देत होते आणि पैशाचं उत्तर यांना पाठ होतं. मला त्यांनी कागद न घेता सांगितलं: त्याच बाकीवर महिन्याला 3 हजार जास्त भरले तर 29 वर्षांची 19 होतात, 5 हजार भरले तर 16. आकडे अगदी बरोबर. ज्याला एवढं कळतं त्याला अजून गणित शिकवून काय होणार? म्हणून मी गणित बाजूला ठेवलं.

"मोठी रक्कम भरली की बरं वाटतं?"

"लई हलकं वाटतंय बघा."

"किती दिवस?"

जरा थांबले. "पहिल्यांदा भरले तवा पंधरवडा गेला. आता... दोन दिवस."

इथं मी सावध झाले. रकमा मोठ्या होत होत्या आणि दिलासा छोटा. कर्ज खरोखर कमी होत असूनही भीती तेवढीच राहत असेल, तर ती या कर्जाची नसावी. माझं शिक्षण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीत झालंय. माणसाला परिस्थितीपेक्षा त्या परिस्थितीबद्दलचा हट्ट जास्त पिडतो, असं आम्ही मानतो. 'कर्ज लवकर फिटलं तर बरं' ही झाली इच्छा. 'माझ्या डोक्यावर कर्ज असताच कामा नये, असेल तर मी कवडीमोल' हा हट्ट. इच्छा माणसाला कामाला लावते, हट्ट झोप घालवतो.

पुढच्या एका भेटीत मी विचारलं, "तुमच्या लहानपणी घरात कर्ज होतं?"

"कर्ज सगळ्यांचंच हुतं. सोसायटीचं. उसाच्या बिलातनं कापून जायचं." मग खाली बघत सांगायला लागले. कागल तालुक्यातलं गाव. वडील चुलतभावाच्या मोटारपंपाच्या कर्जाला जामीन राहिले. भावानं भरलं नाही. गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या दारात थकबाकीदारांचा फळा होता, त्यावर जामीनदार म्हणून वडिलांचंही नाव लिहिलं. हे सातवीत. शाळेची वाट त्याच दारावरून.

"एक दिवस पहाटे गेलो आणि शर्टाच्या बाहीनं आबांचं नाव पुसलं. थुंकी लावून. खडू निघाला, डाग ऱ्हायला."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी परत लिहिलं हुतं."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी ऐकलं नव्हतं. मी थोडा वेळ जाऊ दिला आणि विचारलं, "आजवर तुमचा एक तरी हप्ता चुकलाय?"

"एकबी न्हाई."

"मग फळ्यावर नाव कुणाचं आहे?"

उत्तर आलं नाही. ते बराच वेळ हाताचा अंगठा बाहीवर घासत होते, आपण काय करतोय हे त्यांना ठाऊकही नसावं. मग म्हणाले, "म्हंजे मी अजून पुसतोयच की." हे त्यांनी स्वतः म्हटलं याचं मला फार समाधान आहे. मी समजावून सांगितलं असतं तर ते मान डोलावून घरी गेले असते आणि रात्री दोनला ॲप उघडलं असतं.

वडिलांवर दुसऱ्याची थकबाकी आली होती. यांचं कर्ज स्वतःच्या घराचं, नियमित चाललेलं. हा फरक मनात उतरल्यावर व्यवहाराचं बोलणं सोपं झालं. भिशीचा पुढचा नंबर लागला तेव्हा ते लाखभर रुपये महिनाभर बँकेत नुसते ठेवायचे, कर्जात भरायचे नाहीत, एवढंच काम मी दिलं. पहिला आठवडा त्यांना जड गेला. "पैसे खिशात चावतात," म्हणाले. महिना सरला, आभाळ कोसळलं नाही.

मी गुंतवणूक सल्लागार नाही, पण इतक्या जणांचं ऐकून काही गोष्टी ठामपणे सांगते. कर्ज लवकर फेडणं चांगलंच आहे, त्यातही सुरुवातीच्या वर्षांत, कारण तेव्हा हप्त्यातला मोठा वाटा व्याजाचा असतो. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड 2012 पासून बँकांना लावता येत नाही. जादा रक्कम भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं अर्जात स्पष्ट लिहा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या आदेशानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय बँकेनं तुम्हाला द्यायचा असतो. तो मागून घ्या.

मात्र त्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा. आपल्याकडे 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कर्जात भरलेला पैसा अडीनडीला सहज परत मिळत नाही. मग माणूस नऊ टक्क्यांचं कर्ज फेडून त्याहून महाग सोनेतारण काढतो. आरोग्य विमा आणि मुदतीचा आयुर्विमा चालू हवा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती सगळ्यांत आधी, तिचं व्याज गृहकर्जाच्या तिप्पट-चौपट असतं. पीएफला तर हात लावू नका.

आणि जादा रक्कम पगाराच्या दिवशी ठरवा, नवरा-बायकोनं मिळून. रात्री दोनला एकट्यानं ठरवलेली रक्कम मला नेहमी संशयास्पद वाटते.

या दोघांनी महिन्याला 5 हजार जादा, बँकेतून आपोआप जातील अशी सोय केली. विमा पुन्हा सुरू केला. ॲप महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, दोघांनी उघडायचं. झोप लगेच आली नाही, हळूहळू आली.

2025 मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर उतरला. त्यांचा फोन आला, "मॅडम, बँक विचारतीय, हप्ता कमी करू का मुदत?"

"मग काय सांगितलंत?"

"हप्ता हाय तेवढाच ठेवा म्हटलं. आणि हिला दिवाळीत एक पाटली केली."

मागून बाईंचा आवाज आला, "पाटल्या दोन मोडल्या होत्या म्हणावं!"