वाचकांचे प्रश्न : अंदाज गटाचा, की पहिल्या बोलणाऱ्याचा?

प्रश्न : आमचा निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांचा गट आहे. गोडी छाटणीनंतर (फळासाठी केलेल्या छाटणीनंतर) काही आठवड्यांनी निर्यातीयोग्य माल किती टन निघेल याचा अंदाज बांधून आम्ही खोकी आणि शीतगृहातील जागा ठरवतो. बैठकीत ज्येष्ठ बागायतदार अण्णा आधी आकडा सांगतात आणि बाकीचे माना डोलावतात. अशा वेळी ‘डेल्फी’ पद्धत वापरतात असे ऐकले आहे. ती आम्हाला जमेल का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : जमेल, आणि त्यासाठी बाहेरचा सल्लागार आणण्याचीही गरज नाही. डेल्फी म्हणजे जाणकारांचे अंदाज एकमेकांपासून गुप्त ठेवून, फेरीफेरीने घेण्याची पद्धत. नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी ही पद्धत अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात एका लष्करी प्रश्नासाठी वापरली आणि १९६३ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सात तज्ज्ञांना समोरासमोर न बसवता त्यांनी एकामागून एक प्रश्नावल्या पाठवल्या. पहिल्या फेरीत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात शंभरपट अंतर होते, ते शेवटी दुपटीच्या आसपास आले. अर्थात आकडे जवळ आले म्हणजे ते बरोबर ठरले, असे नव्हे.

आपल्या गटात सचिवाने प्रत्येकाकडून बिननावाची चिठ्ठी घ्यावी आणि तीत टनांचा आकडा व त्यामागचे कारण दोन्ही मागावे. आलेले आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा, म्हणजे मध्यक, सर्वांना कळवावा. सरासरी घेऊ नये, कारण एखाद्याचा अवाच्या सवा आकडा तिला ओढून नेतो. खरे मोल आहे ते दोन्ही टोकांच्या चिठ्ठ्यांतील कारणांना. छाटणीनंतरच्या पावसाने आपल्या शिवारात घड जिरल्याचे (कोवळे घड नाहीसे झाल्याचे) एकट्यानेच पाहिले असेल, तर त्याचा आकडा सर्वांत खाली येईल, आणि भर बैठकीत अण्णांनंतर तो बोलण्याची शक्यता फारच थोडी. ही कारणे वाचून दाखवून दुसरी फेरी घ्यावी. तिसऱ्या फेरीत आकडे फारसे हलेनासे झाले की थांबावे. तेव्हाही दोन तट उरले, तर ओढूनताणून एकमत करू नये. खालच्या आकड्याएवढी खोकी आधी घ्यावीत आणि उरलेल्या खोक्यांची बोलणी खुली ठेवावी.

एकाच बैठकीत निर्णय हवा असेल, उदाहरणार्थ कोणता वाण लावावा, तर डेलबेक आणि व्हॅन दे व्हेन या संशोधकांची ‘नॉमिनल ग्रुप’ पद्धत सोयीची पडते : आधी सर्वांनी मुकाट्याने लिहायचे, मग क्रमाने एकेक मुद्दा मांडायचा, त्यावर खुलासे करायचे आणि शेवटी गुप्तपणे पसंतीक्रम द्यायचा.

गारपिटीचा अंदाज मात्र कोणतीही चिठ्ठी देणार नाही. तो धोका हिशेबात वेगळा धरावा. हंगाम संपल्यावर प्रत्येक फेरीचा मध्यक आणि प्रत्यक्ष रवाना झालेला माल एकाच वहीत शेजारी-शेजारी नोंदवावा, म्हणजे दुसऱ्या फेरीने अंदाज सुधारतो की नाही हे तीन-चार हंगामांत दिसू लागेल. लहान गटात हस्ताक्षर लगेच ओळखू येते, त्यामुळे सचिवाने चिठ्ठ्या थेट न फिरवता आकडे व कारणे स्वतः उतरवून काढावीत, अण्णांचीसुद्धा.