पाऊस दोन्हीकडे कमीच, मग राहाता पुढे आणि अंबाजोगाई मागे का?

प्रश्न: माझं गाव अंबाजोगाई तालुक्यात, नोकरी पुण्यात. ऑफिसमधले सांगली-कोल्हापूरचे मित्र सरळ म्हणतात की तुमच्याकडच्या लोकांना कष्ट नकोत म्हणून मराठवाडा मागे राहिला. पाऊस कमी म्हणावं तर नगर जिल्ह्यात राहाता-कोपरगावलाही कमीच आहे की, मग तिकडे एवढा पैसा कुठून आला?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर: कष्टाचं काढणाऱ्या मित्रांना एवढंच विचारा, की दरवर्षी दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर टाकून त्यांच्याच कारखान्यांचा ऊस तोडायला कोण जातं? बीडचीच माणसं ना. आणि पावसाचं म्हणाल तर सरासरीत लातूर-अंबाजोगाईकडे राहात्यापेक्षा जास्तच पडतो. फरक पडला तो राज्य कोणाचं होतं आणि त्याला जाब विचारायची सोय होती का, इथे.

राहाता मुंबई इलाख्यात होतं. इंग्रज काही आपलं भलं करायला आले नव्हते, सारावसुली आणि सावकारी इतकी बेक्कार होती की १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी दंगा करून सावकारांची कागदपत्रं जाळली. पण त्या दंग्यानंतर १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, पुढे १९०४ ला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९२६ ला भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, १९३७ ला निवडून आलेलं मंत्रिमंडळ बसलं. म्हणजे कसं, संस्था काढायची, नोंदवायची, सभा घ्यायची, हिशोब मागायचा याची सवय दोन पिढ्यांना लागली होती. म्हणूनच विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखान्यासाठी राहात्याजवळच्या लोणीच्या आसपास गावोगाव फिरून शेअरचे पैसे गोळा करू शकले, लोकांनी ते दिलेही, आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ अध्यक्ष म्हणून बसला. १९५० च्या शेवटी प्रवरेचा कारखाना सुरू झाला, आणि नियम काय तर शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. मला यात हे मत सगळ्यात मोठं वाटतं, कारण दोन एकरवाल्याला बागायतदाराइतकंच मत असलं की भाव कमी देणाऱ्या संचालकाला निवडणुकीत पाडता येतं.

आता तुमच्याकडे बघा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. खालसा, म्हणजे थेट सरकारच्या ताब्यातल्या, भागात जमीन शेतकऱ्याच्या नावावर होती, ते नाकारत नाही, पण संस्थानाचा मोठा तुकडा जहागिऱ्यांत आणि सर्फ-ए-खासमध्ये, म्हणजे खुद्द निजामाच्या खाजगी मालकीत, जहागिऱ्या रद्द झाल्या त्या १९४९ ला. लोकांना जबाबदार असं सरकारच नाही, १९३८ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर बंदीच घातली. पैसा नव्हता का? होता! निजामसागर १९३१ ला बांधलं, बोधनला १९३७ ला मोठा साखर कारखाना काढला, दोन्ही तेलंगणात. मराठवाड्याने मागणी करायची तर कुठे करणार, आणि तो कारखाना वरून काढलेला, ऊसवाल्याला त्यात मत नव्हतं.

१९५६ नंतर आपण एका राज्यात आलो पण धरणाच्या पाण्याखालची शेती, बँका, पुढारी सगळं आधीच जिथे होतं तिथेच वाढत गेलं. जिल्हा परिषदा १९६२ ला सगळीकडे एकदमच आल्या खरं, तरी ज्याच्याकडे आधीपासून कारखाना आणि जिल्हा बँक त्याचं वजन जास्त. मराठवाड्याचं जायकवाडी धरण व्हायला १९७६ उजाडलं, तोवर भंडारदऱ्याचे कालवे वाहून ५० वर्षं झाली होती. अनुशेष, म्हणजे कुठला भाग विकासात किती मागे राहिला ते, मोजायला दांडेकर समिती, मग १९९४ ला वैधानिक विकास मंडळं, त्यांचीही मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. माझं स्पष्ट मत, ती मुदत संपू द्यायला नको होती.

पण एक सांगते, मराठवाड्यातही पुढे साखर कारखाने भरपूर निघाले आणि सगळं भलं झालं असं नाही. पाणी नसलेल्या भागात ऊस आणला, कारण कारखाना असला की राजकारण चालतं, आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली. सांगली-नगरकडेही तेच मत हळूहळू एकेका घराण्याच्या खिशात गेलं, कित्येक कारखाने कर्जात बुडून विकले गेले. तरी दाद मागायची जागा असली की फरक पडतो, हेही बघा, २००५ च्या जलनियमन कायद्यात समन्यायी पाणीवाटप, म्हणजे सगळ्यांना न्यायाने पाणी, लिहिलं होतं म्हणूनच नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायला लावता आलं, २०१६ ला हायकोर्टानेही ते उचलून धरलं. निजामाच्या काळात ही केस कुठे लावली असती तुम्ही?

प्रश्न: मी साखर कारखान्याचा साधा सभासद आहे. वार्षिक सभा दहा मिनिटांत "मंजूर, मंजूर" करून उरकतात. आमच्यासारख्याने काय करायचं?
— एक सभासद, सोलापूर जिल्हा

उत्तर: दादा, अहवाल सभेच्या दिवशी हातात पडून उपयोग नाही, आधीच मागून घ्या. सभासदाला कागदपत्रं बघायचा हक्क कायद्यानेच दिलाय, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. अहवालात आधी कर्जाचं पान काढा, मग तोडणी-वाहतुकीचा खर्च मागच्या वर्षीशी लावून बघा, तो खर्च एफआरपीतूनच, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान भावातूनच, कापला जातो. प्रश्नही लेखी द्या, एकट्याने नको, गावातल्या पाच-सात सभासदांच्या सह्या घेऊन.