कार्ड आहे, पण स्किनचा डॉक्टर कुठाय?

प्रश्न: ताई, घरात सगळ्यांची आयुष्मान कार्डं काढलीत. मुलीला कमरेला आणि जांघेत गजकर्ण झालंय, सहा महिने झाले तरी जात नाही, मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की आठ दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. जवळच्या स्किन क्लिनिकमध्ये कार्ड दाखवलं तर काउंटरवरच्या मुलीने बघितलंसुद्धा नाही, म्हणाली हे इथे चालत नाही. मग कुठल्या स्किन डॉक्टरकडे चालतं त्याची लिस्ट कुठे मिळेल?

उत्तर: लिस्ट मिळेल हो, पण ती घेऊन अख्खं गाव फिरलात तरी तुमचं काम व्हायचं नाही. आयुष्मानचं ५ लाखांचं कव्हर आहे ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरचं, आणि भरतीच्या आधीचे ३ दिवस नि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस त्यात धरतात, बास. नुसतं ओपीडीत दाखवून गोळ्या-मलम घेऊन घरी यायचं असेल तर कार्डाचा उपयोग नाही, आणि गजकर्णासाठी कोण भरती करून घेणार? राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचंही साधारण असंच. शिबिरात अंगठा घेऊन कार्ड हातात देताना हे एक वाक्य कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

कार्ड फेकू नका मात्र. औषधाची रिअॅक्शन येऊन अंगाची सालं निघायला लागली, अंगभर फोड आले किंवा पायाचं इन्फेक्शन वर चढत ताप आला तर भरती व्हावं लागतं, तेव्हा योजनेतल्या हॉस्पिटलात जायचं आणि पैसे भरायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठून हा आजार कुठल्या पॅकेजमध्ये बसतो ते विचारायचं. फोनवर विचारायचं तर आयुष्मानचा नंबर १४५५५, महात्मा फुलेचा १५५३८८.

आता मुलीचं. सरळ सिव्हिल हॉस्पिटल किंवा सरकारी मेडिकल कॉलेज गाठा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्याकडे असल्याने तिथे केसपेपरचे वगैरे थोडे पैसे पडू शकतात. छोट्या हॉस्पिटलात स्किनचा डॉक्टर रोज नसतो, ठरलेल्या वारी येतो, त्यामुळे आधी विचारून जा, आणि सकाळीच जा. पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून अर्धी माणसं बाहेरच घुटमळतात, ओळखीचं कुणी बघेल म्हणून. बिनधास्त आत जायचं, आतल्या लाईनीत खाज, पुरळ आणि पिंपल्सवालेच जास्त असतात.

जाताना ती ट्यूब न्या, संपलेली असली तरी. बारीक अक्षरात बेटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन असं काही छापलंय का बघा. असेल तर तो स्टेरॉइड आहे, त्याने लाली आणि खाज दबते पण गजकर्णाची बुरशी आतल्या आत मजेत वाढते, तुम्ही लिहिलंय तो आठ दिवसांचा खेळ बहुतेक त्याचाच. डागाचा आकारही असा बदलतो की डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही, मग कडेची सालं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघावी लागतात. घरात अजून कुणाला असेल तर त्यालाही त्याच दिवशी न्या नाहीतर एकाचं जाईल आणि दुसऱ्याकडून परत येईल, टॉवेल आणि कपडे तर आजपासूनच वेगळे करा. आणि औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचं, खाज थांबली म्हणून मधेच सोडायचं नाही.

प्रश्न: मिस्टर कारखान्यात मशीनवर आहेत, कूलंट ऑइलमध्ये दिवसभर हात. बोटांच्या पेरात भेगा पडून रक्त येतं. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात पण आम्ही प्रायव्हेटमध्येच दाखवतो. ईएसआयमध्ये स्किनचं होतं का?

उत्तर: होतं की! आणि वरच्या ताईंसारखी ओपीडीची अडचण इथे नाही. पगाराचे ०.७५ टक्के तुमच्या मिस्टरांचे जातात, ३.२५ टक्के मालक भरतो, आणि त्यात डॉक्टरची तपासणी, औषधं, घरच्यांचे उपचार सगळं येतं. फक्त थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही, आधी कार्डावर जो दवाखाना किंवा डॉक्टर लागलेला आहे तिथे जायचं, तिथून चिठ्ठी घेऊन ईएसआय हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत. गर्दी असते, अर्धा दिवस जातो, खोटं कशाला सांगू, पण पैसे तर तुमचेच कापलेत ना.

एक गोष्ट विसरू नका. डॉक्टरला नुसतं ‘हाताला भेगा’ सांगायचं नाही, कुठलं ऑइल, ग्लोव्हज मिळतात का, सुट्टीत बरं वाटतं का, हे सगळं सांगायचं आणि केसपेपरवर लिहून घ्यायचं. कामामुळे झालेले त्वचेचे आजार ईएसआयला लागू असलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत, त्यामुळे उद्या काम बदलून मागायची किंवा क्लेम करायची वेळ आली तर तो कागदच कामाला येतो. आणि हात धुवायला रॉकेल, थिनर किंवा भांड्याची पावडर वापरत असतील तर ते आजच बंद करा, भेगा त्यानेही पडतात.

प्रश्न: आईच्या दंडावर फिकट चट्टा आहे, खाजत नाही, दुखत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही म्हणते. विमा काहीच नाही. स्किन स्पेशालिस्टची फी किती असेल?

उत्तर: फीचा विचार सोडा, याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोग आहे का ते आधी बघावं लागतं, आणि त्याची तपासणी नि एमडीटीच्या (एकत्र घ्यायच्या दोन-तीन औषधांच्या) गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, कुठलंच कार्ड लागत नाही. आईला घाबरवू नका. गोळ्या सुरू झाल्या की आजार पसरायचा थांबतो आणि ठरलेला कोर्स पूर्ण केला की बरा होतो, पण उशीर केला तर हातापायाच्या नसा जातात आणि त्या मागाहून परत येत नाहीत. गावातल्या आशाताईंना सांगितलंत तर त्या स्वतः सोबत येतील.